'टेक' म्हणजे नुसतं 'घेणे' नव्हे

प्रश्न : माझी मुलगी खानापुरात मराठी माध्यमात नववीला आहे. 'मी परीक्षा दिली' याचं तिनं 'आय गेव्ह द एक्झाम' केलं. बाईंनी ते खोडून 'टूक' लिहिलं. शेजारचा कन्नड शाळेतला मुलगा म्हणतो, 'आय रोट द एक्झाम'. खरं कुणाचं? आणि या 'टेक'चे अर्थ तरी किती धरायचे?

उत्तर : ताई, बाईंनी खोडलं ते बरोबर आहे. पण कुठं चुकलं हे मुलीला कळायला हवं, नाहीतर पुढच्या खेपेला ती हे वाक्यच टाळेल.

आपण मराठीत परीक्षा देतो आणि शाळा ती घेते. कन्नडात परीक्षा 'बरेयतात', म्हणजे लिहितात. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' : 'द टीचर गेव्ह अस अ टेस्ट'. आपल्या बरोबर उलट. 'आय गेव्ह द एक्झाम' वाचून परक्या माणसाला वाटेल, पेपर हिनंच काढला होता. शेजारच्या मुलाला मात्र चूक म्हणू नका. कॅनडात आणि दक्षिण आफ्रिकेत परीक्षा 'राइट'च करतात. इंग्लंडमध्ये 'सिट' म्हणतात, म्हणजे आपलं 'परीक्षेला बसणं' झालं. मुलीला सांगा, आपल्याकडं तीन भाषा कानावर पडतात, त्यातून तीन क्रियापदं आली. तिनं मराठीतून सरळ विचार केला एवढंच.

हाच घोळ 'तास घेणे'मध्ये होतो. आपले शिक्षक 'आय टेक क्लासेस' म्हणतात आणि इथं ते सगळ्यांना समजतं. अमेरिकेत हेच बोललात तर समोरचा विचारेल, काय शिकताय? शिकवत असाल तर तिथं 'टीच' म्हणणं बरं.

हे क्रियापद मुळात इंग्रजीचं नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी 'निमन' होतं, जर्मनमध्ये त्याचंच भावंड 'नेमन' आजही चालतं. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन राहिली. त्यांच्या 'टाका'वरून 'टेक' आलं आणि हळूहळू 'निमन' गेलं. त्याची एक खूण उरली आहे : 'नम', म्हणजे बधिर. मूळ अर्थ 'घेतलेलं, धरलेलं'. आपण 'थंडीनं कंबर धरली' म्हणतो, त्याच चालीचं. इतकं रोजचं क्रियापद शेजाऱ्यांकडून येतं याचं बेळगावात कुणाला नवल वाटू नये. अक्का, अण्णा, तूप हे शब्द कानडीतूनच आपल्या घरात आले, आणि ते परके आहेत असं कधी मनातही येत नाही.

आता वेळेचं. खानापूरहून बेळगावला यायला वेळ लागतो, तो आपल्याला 'लागतो'. कन्नडात तो 'हिडियुत्तदे', म्हणजे धरतो. इंग्रजीत 'इट टेक्स ॲन अवर'. मुलं इथं हमखास अडकतात, कारण आपल्या वाक्यात 'इट'सारखा कर्ताच नसतो. 'मला एक तास लागला' म्हणजे 'इट टूक मी ॲन अवर'. 'मी'पासून सुरुवात करून 'आय टूक ॲन अवर' म्हटलं तरी चालतं, पण त्यात मी रेंगाळलो अशी छटा येऊ शकते. बस उशिरा पोचली असेल तर दोष स्वतःकडं कशाला घ्यायचा? 'इट'च बरा.

बाकीचे अर्थ सोबतचा शब्द ठरवतो. फोटो काढणे, औषध घेणे, कुणाला दवाखान्यात नेणे, सगळीकडं 'टेक'. जेवणाला मात्र नको. 'हॅव यू टेकन युअर लंच?' आपल्याकडं सर्रास ऐकू येतं, पण 'हॅव यू हॅड लंच?' म्हणणं सहज वाटतं. अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा 'टेक अ फोटो', 'टेक मेडिसिन' अशा जोड्याच लिहून ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. 'टेक = घेणे' एवढंच वहीत असेल तर ती वही मुलीला फसवते.

पुढचा प्रश्न : 'टेक ऑफ', 'टेक आफ्टर', 'टेक इन' हे कसं लक्षात ठेवायचं?

उत्तर : 'टेक आफ्टर' म्हणजे कुणाच्या वळणावर जाणं. 'शी टेक्स आफ्टर हर आजी', रंगरूपात किंवा स्वभावात. 'टेक इन'चा एक अर्थ शिंप्याकडं सापडेल : ब्लाउज सैल झाला की आपण म्हणतो 'बाजूनं जरा आत घ्या', अगदी तेच. दुसरा अर्थ फसवणं, तो बहुतेक कर्मणीत येतो : 'आय वॉज टेकन इन'.

'टेक ऑफ'चे दोन उपयोग नीट वेगळे करा. सांबऱ्याहून विमान उडतं तेव्हा त्याला कर्म नसतं : 'द प्लेन टूक ऑफ'. चपला काढताना कर्म असतं, आणि त्याची जागा बदलते. 'टेक ऑफ युअर चप्पल्स' चालतं, 'टेक युअर चप्पल्स ऑफ'ही चालतं. पण 'त्या काढ' म्हणताना 'टेक देम ऑफ' एवढंच बरोबर, 'टेक ऑफ देम' नाही. 'देम', 'इट', 'हिम' अशी सर्वनामं नेहमी मध्येच बसतात. 'टेक आफ्टर'ला हा नियम लागत नाही, तिथं 'टेक्स आफ्टर हर' असंच येतं. नववीच्या मुलीला या दोन ओळी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.