‘आय ॲम नॉट इन लव्ह’ : गाणं की टेपची कसरत?

तारषड्ज : कालच्या धाग्यात ‘यथातथा’ यांनी टेनसीसी या ब्रिटिश बँडच्या १९७५च्या या गाण्याचा निकाल लावला : चाल सामान्य, करामत टेपची, आज लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम, शिवाय अमेरिकेच्या चार्टवर पहिलंसुद्धा आलं नाही. अहो, केलं कसं ते तरी बघा. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ, १६ ट्रॅकचं (एकाच टेपवर १६ आवाज वेगवेगळे भरणारं) मशीन. बँडमधल्या गोडली, क्रीम आणि गूल्डमन या तिघांनी मिळून एकच सूर १६ वेळा गायचा, झाले ४८ आवाज. ते एकत्र उतरवून त्या टेपचा लूप (दोन्ही टोकं जोडून वेटोळं) करायचा आणि तो फिरत ठेवून सोळापैकी एका ट्रॅकवर गाणंभर भरायचा. असे १३ सूर, ६२४ आवाज, तीन आठवडे. मग बँडच्या चौघांनी मिक्सरवर बसून कॉर्डप्रमाणे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारे सरकते खटके) वर-खाली करायचे. वाद्य म्हणजे मिक्सरच!

यथातथा : ४८ गुणिले १३ मलाही येतं. मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड, होता की तेव्हा. पट्टी दाबा, कोरस हजर.

चुंबकपट्टी : आणि आठ सेकंदांनी गायब! मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा तेवढाच तुकडा असतो. लूपला शेवट नाही, पण सांधा आहे. तो मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून गेला की ‘टक्’. लूप आखूड असेल तर त्या टकटकीचाच ठेका लागतो. म्हणून साधारण १२ फुटांचा लूप, माइक स्टँडवरून फिरवून ताणलेला. सेकंदाला १५ इंच धरले तर सांधा साडेनऊ सेकंदांनी एकदा येतो. आता खरा मुद्दा. या कोरसचं जे स्वर्गीय धुकं वाटतं त्यात निम्मा टेपचा हिस, म्हणजे टेपची स्वतःची ‘स्स्स’ अशी खरखर, आहे. १३ ट्रॅक एकत्र उघडले की तो एका ट्रॅकपेक्षा ११ डेसिबलने वाढतो.

तारषड्ज : साफ चूक. फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती, पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून. तिथे सूर जेवढा दबतो तेवढाच हिसही दबतो! मागे जे गुणगुणतं ते तेरा सुरांचं आहे.

चुंबकपट्टी : दबतो, नाहीसा होत नाही. आवाज आधी १६ ट्रॅकवर, मग लूपवर, मग परत १६ ट्रॅकवर, मग कोरसचं स्टीरिओ मिश्रण. चार पिढ्यांचा हिस कुठे गेला, गंगेत? कान साफ करा.

तारषड्ज : कान ठीक आहेत. तुम्ही मीटर ऐकता, मी गाणं.

रेकॉर्डखण : भांडा. तोवर ‘पहिलं आलं नाही’ याचं बघतो. ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत तीन आठवडे दुसरं, आणि त्या तीन आठवड्यांत वर तीन वेगळी गाणी : ‘द हसल’, ‘वन ऑफ दीज नाइट्स’, ‘जाइव्ह टॉकिन’. एकाला हरवलं की दुसरं उभं. याला अपयश म्हणणाऱ्यांना नमस्कार. आणि गंमत, कंपनीने हे गाणं असलेल्या अल्बममधून आधी काढलं ते ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी’!

यथातथा : चार्टपुरतं मान्य, मिरवा. पण याच चालीचं पहिलं रेकॉर्डिंग बोसानोव्हा या ब्राझिलियन ठेक्यात होतं आणि ते बँडनेच मोडीत काढलं. म्हणजे चाल एकटी उभी राहत नव्हती हे त्यांनाही पटलं होतं. मी वेगळं काय म्हटलं?

तारषड्ज : चाल तीच राहिली, ठेका गेला. ‘प्रेमात नाही’ म्हणणाऱ्याच्या मागे कोरस सतत उलटं सांगतो. बोसानोव्हात ते कोण सांगणार होतं?

यथातथा : बरं, कोरसला पैकीच्या पैकी. चालीला पस्तीस.

चुंबकपट्टी : आणि हिसला?