मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलूनही लॅपटॉप बंद पडतोय, वॉरंटी संपत आली

निळीशाई
लॅपटॉप चालू असताना एकदम बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, सरळ अंधार. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत मदरबोर्ड बदलला, थोडे दिवस बरा चालला, मग परत तेच. पुन्हा दिला, पुन्हा मदरबोर्डच बदलला. मध्ये एकदा 'दोष आढळला नाही' असं लिहून तसाच परत पाठवला. कालपासून पुन्हा सुरू झालंय. वॉरंटी संपायला थोडेच आठवडे राहिलेत आणि माझं प्रबंधाचं सगळं काम यावरच आहे. कंपनी बदलून द्यायला तयार नाही, 'रिपेअर करून देऊ' एवढंच म्हणते. बदलून मिळण्यासाठी कोणाला आणि काय लिहायचं? बॅकअप आहे, त्यामुळे कृपया बॅकअप घ्या असं सांगू नका. आगाऊ धन्यवाद.

अर्धविराम
मॉडेल? किती जुना? बंद पडतो तेव्हा चार्जर लावलेला असतो की बॅटरीवर असतो? लगेच परत चालू होतो का? पंख्याचा आवाज वाढतो का? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

पेंग्विनप्रेमी
विंडोज काढून लिनक्स टाका. माझ्या जुन्या लॅपटॉपचं असंच व्हायचं, लिनक्स टाकल्यापासून एकदाही बंद पडला नाही.

काठावरचा
@पेंग्विनप्रेमी, वीज गेल्यासारखा बंद होतोय असं त्या लिहितायत. ऑपरेटिंग सिस्टीमची गडबड असती तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन आली असती, निदान अडकला तरी असता. आणि वॉरंटीतल्या मशीनवर दुसरी सिस्टीम टाकली की सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं. असे सल्ले देऊ नका.

पेंग्विनप्रेमी
डिस्कवर टाका असं मी म्हणत नाहीये. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करा, डिस्कला हात लागत नाही. तिथेही बंद पडला तर 'विंडोज पुन्हा टाकून बघा' हे उत्तर त्यांना देता येणार नाही. यात चूक काय आहे?

काठावरचा
मग पहिल्याच प्रतिसादात तसं लिहायला हवं होतं. पेनड्राइव्हवरून चाचणी घ्यायला माझी हरकत नाही.

निळीशाई
मॉडेलने काय फरक पडणार आहे? साधा १५ इंची, कामासाठी घेतलेला. गेम खेळत नाही. गरम होत नाही. बटण दाबलं की लगेच चालू होतो. माझा प्रश्न वॉरंटीबद्दल आहे, दुरुस्ती मला स्वतःला करायची नाहीये.

जुना_टेस्टर
वॉरंटीचं पत्र लिहायचं तरी दोष नेमका कधी येतो हे त्यात असावं लागतं. नाहीतर 'दोष आढळला नाही' हेच उत्तर पुन्हा येईल. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली घडामोडींची नोंदवही) उघडा, सिस्टीम लॉगमध्ये जा आणि बंद पडण्याच्या वेळेची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. ती असणारच. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, कारण त्यातून कळत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड (क्रॅशचा प्रकार सांगणारा आकडा) ० असेल तर विंडोजला क्रॅशची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे संशय वीजपुरवठ्याकडे वळतो. ती ४१ पुन्हा चालू होताना पडते, म्हणून खरं बघायचं ते तिच्या आधीच्या काही मिनिटांत काय आहे ते. तिथे १०५ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर इथे लिहा. १०५ म्हणजे वीज कुठून येते ते बदललं, चार्जरवरून बॅटरीवर किंवा उलट.

शिवाय विंडोजमधलाच रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. तारखेनुसार लाल फुल्यांचा तक्ता मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडता येतो, आणि तो तुमच्या शब्दापेक्षा जास्त चालतो.

सोल्डरवाला
मूळ रोग शिशाविरहित सोल्डरचा आहे. २००६ च्या जुलैपासून युरोपात शिशावर बंदी आली आणि तेव्हापासून बोर्डांचं आयुष्य घटलं. चिपखालचे सांधे तापून-थंड होऊन तडकतात. वॉरंटीत जे बोर्ड देतात ते बहुतेक दुरुस्त केलेलेच असतात, म्हणून परत बिघडतात. चांगल्या माणसाकडून चिप रीबॉल करून घ्या, म्हणजे चिपखालचं सोल्डर नव्याने बसवून घ्या, प्रश्न कायमचा मिटेल.

काठावरचा
वॉरंटीतला बोर्ड बाहेर रीबॉल करायला सांगताय? तिथेच वॉरंटी संपली.
आणि सगळं खापर शिशावर फोडू नका. २००८ मध्ये एनव्हिडियाने सदोष लॅपटॉप चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तेव्हा त्यांनी दिलेलं कारण चिपच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत साहित्याचं होतं. दोष चिपच्या आत होता, बोर्डवरच्या सांध्यात नव्हता. म्हणून तेव्हा हीट गनने तापवलेले लॅपटॉप काही आठवडे चालायचे आणि परत मरायचे.

सोल्डरवाला
ते प्रकरण मला माहीत आहे, मी ग्राफिक्स चिपबद्दल बोलतच नव्हतो. दुरुस्त केलेले बोर्ड देतात हा मुद्दा राहतोच. वॉरंटीच्या अटी काढून वाचा, 'नवे किंवा नव्यासारखे भाग' असं लिहिलेलं असतं.

अर्धविराम
दोघांनी यासाठी वेगळा धागा काढा.
@निळीशाई, चार्जर लावलेला असतो की नाही? अजून सांगितलं नाहीत. आणि सर्व्हिस सेंटरला लॅपटॉपबरोबर चार्जर देता का?

निळीशाई
चार्जर नेहमी लावलेलाच असतो, टेबलावर बसून काम करते. सर्व्हिस सेंटरला फक्त लॅपटॉप द्यायचा, चार्जर घरी ठेवा असं त्यांनीच सांगितलं.
इव्हेंट व्ह्यूअर बघितला. ४१ आहे, बगचेक ० आहे. आणि हो, १०५ भरपूर आहेत, बंद पडण्याच्या आधी ओळीने. चार्जिंगचं चिन्ह मधूनमधून जातं-येतं, पण ते तर पहिल्यापासून होतं म्हणून लिहिलं नव्हतं.

जुना_टेस्टर
हीच या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट आहे.

बोर्ड बदलला, परत बदलला, दोष तोच. याचा अर्थ बोर्ड बहुतेक निर्दोष आहे. आता बघायचं की या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये काय बदललं नाही. चार्जर तुमच्याकडेच राहिला. त्यांनी त्यांच्या बाकावर त्यांचा चार्जर लावून तपासलं, म्हणून त्यांना दोष दिसला नाही. बॅटरी तीच. आणि तुमच्या चार्जरची पिन गोल असेल तर ती ज्यात घुसते तो जॅक पुष्कळ मॉडेलमध्ये छोट्या केबलला जोडलेला वेगळा भाग असतो. मदरबोर्ड बदलताना जुनाच जॅक नव्या बोर्डला लावून देतात. (पिन टाइप-सी असेल तर पोर्ट सहसा बोर्डवरच असतो, मग हे लागू नाही. म्हणून मॉडेल विचारलं होतं.)

चार्जर क्षणभर सुटला म्हणून लॅपटॉप बंद पडायला नको, बॅटरीने सांभाळायला हवं. बॅटरीचा एखादा सेल कमजोर असेल तर सगळा भार एकदम अंगावर आल्यावर व्होल्टेज कोसळतो आणि मशीन गप्प होतं. म्हणजे तुमच्याकडे दोन दोष असू शकतात, आणि एकटा कुठलाच लॅपटॉप बंद पाडत नाही.

करून बघा: विंडोजच्या पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची क्षमता) हे दोन आकडे इथे द्या. त्याच अहवालात अलीकडच्या वापराचा तक्ता असतो, त्यात वीजस्रोत वेळेसकट दिसतो.

मोकळीजागा
माझ्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घ्यावा? ती थोडं व्हिडिओ एडिटिंग करते.

अर्धविराम
@मोकळीजागा, कृपया वेगळा धागा काढा.
@निळीशाई, टचपॅड वर उचललेला दिसतोय का, किंवा झाकण बंद केल्यावर फट राहते का? बॅटरी फुगली असेल तर हे दिसतं. तसं असेल तर चार्ज करू नका, दाबू नका, वापर थांबवा.

निळीशाई
नाही, सपाट आहे, फट नाही. पिन गोल आहे. डिझाइन ५०,००० च्या आसपास, फुल चार्ज २९,००० च्या आसपास. तक्त्यात चार्जर आणि बॅटरी काही सेकंदांच्या अंतराने आलटूनपालटून दिसतायत. नुसत्या बॅटरीवर सकाळपासून टाइप करतेय, बंद पडला नाही. मैत्रिणीचा त्याच वॅटचा, त्याच कंपनीचा चार्जर लावला तर तासाभरात बंद पडला.

मला राग याचा येतोय की एवढं बघायला मला एक दुपार लागली, आणि त्यांनी इतक्या वेळा मशीन ठेवून घेऊन हे बघितलं नाही.

जुना_टेस्टर
दुसऱ्या चार्जरवरही तेच होतंय, म्हणजे तुमचा चार्जर बहुधा निर्दोष आहे. मुख्य संशय जॅक आणि त्याच्या केबलवर. बॅटरीने क्षमतेचा ४० टक्क्यांहून जास्त भाग गमावलाय, तीही संशयित आहे.

सेवाखिडकी
मी काही वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काम केलंय, दुसऱ्या बाजूने सांगतो. अभियंता ग्राहकाशी बोलत नाही, तो जॉब शीट (काउंटरवर भरलेला दुरुस्तीचा कागद) वाचतो. काउंटरवरच्या माणसाने 'ऑटो शटडाउन' एवढे दोन शब्द लिहिले की आत गेल्यावर बोर्ड मागवला जातो. म्हणून काय लिहून घ्यायचं ते तुम्ही ठरवून जा. असं काहीतरी:

'चार्जर लावलेला असताना चार्जिंग तुटत राहते आणि त्यानंतर लॅपटॉप अचानक बंद पडतो. केवळ बॅटरीवर बंद पडत नाही. त्याच क्षमतेच्या दुसऱ्या चार्जरवरही दोष येतो. याच तक्रारीसाठी यापूर्वी मदरबोर्ड बदलला, दोष कायम. डीसी जॅक, जॅकची केबल आणि बॅटरी तपासावी. सोबत ग्राहकाचा चार्जर देत आहे.'

'याच तक्रारीसाठी' हे शब्द सोडू नका. ते नसतील तर प्रत्येक दुरुस्ती नवी तक्रार म्हणून नोंदली जाते आणि वारंवार येणारा दोष कागदावर दिसतच नाही. चार्जर घेऊ नका म्हणाले तर आग्रह धरा, पोचपावतीत त्याचा नंबर लिहून घ्या.

बदलून देण्याबद्दल: बहुतेक वॉरंटीत 'दुरुस्ती किंवा बदली, कंपनीच्या निर्णयाप्रमाणे' असं असतं. काउंटरवरच्या माणसाच्या हातात तो निर्णय नसतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. कंपनीच्या तक्रार निवारण पत्त्यावर ईमेल करा, आधीच्या सगळ्या जॉब शीट जोडा, आणि एकच विचारा: एकाच दोषासाठी एकच भाग पुन्हा बदलूनही दोष कायम आहे, आता पुढची पायरी कोणती आणि कधीपर्यंत? ही तक्रार वॉरंटी संपण्याआधीच्या तारखेला लेखी नोंदलेली असू द्या. फोनवर बोललात तरी नंतर त्याचा सारांश ईमेलने पाठवा.

बॅटरीची वॉरंटी मात्र वेगळी बघा. पुष्कळ कंपन्या लॅपटॉपपेक्षा बॅटरीला कमी मुदत देतात. नाकारली तर पहिल्या तक्रारीची तारीख दाखवा.

काठावरचा
सेवाखिडकींशी सहमत. एक भर: देण्याआधी एसएसडी (सगळा डेटा असलेली डिस्क) काढून ठेवा, प्रबंध कोणाच्या हाती कशाला.

पेंग्विनप्रेमी
आता उघडल्याने वॉरंटी जात नाही का?

काठावरचा
नुसतं उघडल्याने सगळीकडे जात नाही. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. त्याच आधारावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये काही कंपन्यांना वॉरंटीच्या अटींवरून इशारापत्रं दिली होती. 'सील तोडलं तर वॉरंटी रद्द' असल्या अटीही त्यात आल्या.

सेवाखिडकी
ते अमेरिकेत. इतर ठिकाणी तुमच्या वॉरंटीच्या कागदावर काय आहे ते चालतं. काही मॉडेलमध्ये एसएसडी ग्राहकाने बदलण्याजोगा भाग म्हणून दिलेला असतो, तिथे अडचण नाही. मॅन्युअल बघा. आणि डिस्क काढली तर जॉब शीटवर 'एसएसडीशिवाय दिला' असं लिहून घ्या. काही सेंटर डिस्कशिवाय घेतही नाहीत.

सोल्डरवाला
डिस्क एनक्रिप्टेड असेल, म्हणजे कीशिवाय डेटा वाचता येत नसेल, तर काढायची गरजच नाही. पण बिटलॉकर (विंडोजचं एनक्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बोर्ड बदलला की त्यावरची, की सांभाळणारी टीपीएम चिप बदलते आणि विंडोज की मागतं. पुष्कळांना आपला लॅपटॉप एनक्रिप्टेड आहे हेच माहीत नसतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक मशीनवर तो आपोआप होतो.

निळीशाई
बोर्ड बदलल्यावर विंडोजने की मागितली होती, माझ्या खात्यात सापडली. आता छापून ठेवलीये. डिस्क काढणार नाही, मॅन्युअलमध्ये तशी परवानगी दिसली नाही.

जुना_टेस्टर
देण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या: चार्जिंगचं चिन्ह जातंय-येतंय, मग मशीन बंद. मध्ये कट नको, एका शॉटमध्ये अनुक्रमांकाचं लेबलही येऊ द्या. पिन मुद्दाम जोरात हलवू नका, नाहीतर 'ग्राहकाने जॅक मोडला' म्हणतील, आणि भौतिक नुकसान वॉरंटीत बसत नाही.

निळीशाई
लॅपटॉप चार्जरसकट दिला. काउंटरवरच्या मुलाने आधी 'ऑटो शटडाउन'च लिहिलं होतं, मी सेवाखिडकींचा मजकूर पुढे केला, त्याने पूर्ण टाइप केला. आधीच्या जॉब शीट जोडून ईमेलही पाठवलाय. तक्रार क्रमांक आला.

आज फोन आला: जॅक सैल निघाला, केबलसकट बदलतायत. बॅटरीची मुदत संपली म्हणाले. मी पहिल्या जॉब शीटची तारीख सांगितली, तेव्हा मुदत शिल्लक होती. 'वरती विचारून सांगतो' असं उत्तर मिळालं. बदली लॅपटॉपवर अजून उत्तर नाही.

सेवाखिडकी
बॅटरीचं 'विचारून सांगतो' आजच ईमेलने लिहून ठेवा, पहिल्या जॉब शीटची प्रत जोडून. जॅक बदलला तर बदली मिळणं अवघड होईल, त्यांच्या दृष्टीने दोष दुरुस्त झालेला असतो. म्हणून बॅटरी सोडू नका. लॅपटॉप ताब्यात घेताना तुमचाच चार्जर लावून तिथेच तासभर काम करा, १०५ च्या नोंदी तपासा, आणि जॉब शीटवर 'डीसी जॅक व केबल बदलली' हे शब्द आहेत ना ते बघून मगच सही करा. बदललेल्या भागाला किती मुदत आहे तेही विचारा. काही कंपन्या मूळ वॉरंटीची उरलेली मुदत किंवा ९० दिवस, यातली जास्त असेल ती देतात.