शब्दचर्चा: 'ऑक्सिहायड्रोजन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: पर्यायी इंधनांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिहायड्रोजन अशी दोन इंधनं शेजारीशेजारी ठेवली आहेत. पहिल्याला उदजन हा शब्द आहेच. दुसऱ्याला 'उदप्राणवायू' म्हटलं तर चालेल का? आणि गॅरेजवाले ज्याला 'एचएचओ' म्हणतात तो हाच वायू का?

प्रतिसाद: हो ताई, तोच. एचएचओ काय, ब्राउन्स गॅस काय, वस्तू एकच: आकारमानाने दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. 'उदप्राणवायू' मात्र नको. जोडशब्द केला की वाचकाला ते संयुग वाटतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. या दोघांचं संयुग झालं की त्याला आपण पाणी म्हणतो. हे नुसतं मिश्रण आहे. 'एचएचओ' हे नाव रासायनिक सूत्रासारखं दिसतं, म्हणून ते आणखी फसवं.

शाळेतला प्रयोग आठवा. परीक्षानळीत हायड्रोजन गोळा करायचा आणि तोंडाशी जळती काडी न्यायची. वायू शुद्ध असेल तर हलकासा आवाज होऊन तो शांतपणे जळतो. नळीत हवा मिसळलेली असेल तर जोरात 'फट्' होतं, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन आधीच आत असतो. जर्मनमध्ये या मिश्रणाला क्नालगास म्हणतात, म्हणजे आवाज करून फुटणारा वायू. शब्द प्रयोगशाळेतूनच आलाय आणि धोका सांगून मोकळा होतो.

आता 'इंधन'. मुळात धातू इन्ध्, म्हणजे पेटवणे. समिधाही त्याच कुळातली. समिधा आपण आणतो, हवा तिथे असतेच. हायड्रोजन हा समिधेच्या जागी आहे, ऑक्सिजन हवेच्या. ऑक्सिहायड्रोजन म्हणजे दोन्ही एकाच भांड्यात, फक्त ठिणगी पडायची बाकी. म्हणून ते हायड्रोजनहून वेगळं, दुसरं इंधन नव्हे. जळणारा पदार्थ एकच.

आकड्यांनी बघा. १ किलो हायड्रोजन जळून सुमारे ३३ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा देतो, १ किलो पेट्रोल साधारण १२. पण ऑक्सिजन वजनाने आठपट, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी हे मिश्रण ९ किलो लागतं. किलोमागे हाती येतात पावणेचार युनिटच्या आतच. शिवाय हायड्रोजन टाकीत दाबून साठवता येतो. ऑक्सिहायड्रोजन दाबून भरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, म्हणून तो बनेल तिथेच, बनेल तसा वापरावा लागतो.

गॅरेजवाले गाडीत एचएचओ बनवायला जी बरणी बसवतात, ती मी जवळून पाहिली आहे. पोलादी पट्ट्या, कॉस्टिक घातलेलं पाणी, वर बुडबुड्यांचा फेस आणि एअर फिल्टरकडे गेलेली नळी. वीज बॅटरीची, बॅटरी भरते अल्टरनेटर, अल्टरनेटर फिरवतं इंजिन आणि इंजिनात जळतं पेट्रोल. पाण्याचं विघटन करायला जेवढी ऊर्जा घातली, त्याहून जास्त ते परत पाणी होताना मिळत नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी गळते. तेव्हा 'पाण्यावर चालणारी गाडी' हा शब्दप्रयोग तुमच्या लेखात कृपा करून येऊ देऊ नका. लोक त्यावर कष्टाचे पैसे घालवतात. अमेरिकेत स्टॅनली मेयर यांनी अशाच दाव्यावर गुंतवणूकदार मिळवले होते. १९९६ साली ओहायोतल्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली.

पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलेली हायड्रोजन बस याहून अगदी वेगळी. तिच्यात साठवलेला हायड्रोजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) एकत्र येऊन वीज तयार होते. तिथेही हायड्रोजन आधी कुठेतरी बनवावाच लागतो. विजेने बनवायचा तर किलोमागे ५० युनिटच्या वर खर्च येतो. म्हणून अशा हायड्रोजनला मी ऊर्जेचा स्रोत नव्हे, 'ऊर्जावाहक' म्हणेन.

प्रश्नकर्ती: आमच्या नात्यात सोनारकाम आहे. झाळ द्यायला ते पाण्यावरचं यंत्र वापरतात, बारीक निळसर ज्योत येते. मग तेही खोटं?

प्रतिसाद: अजिबात नाही. तिथे वीज भिंतीतल्या प्लगमधून येते आणि हवी असते ती बारीक, अतिशय तापलेली ज्योत. ऊर्जा वाचवल्याचा दावा नसतो. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहातली लाइमलाइट, म्हणजे रंगमंचावरचा प्रखर झोत, याच ज्योतीने कळीच्या चुन्याचा तुकडा तापवून पाडत. काम चोख आहे, फक्त ते इंधनाचं नव्हे, ज्योतीचं.

लेखात पहिल्यांदा 'हायड्रोजन-ऑक्सिजन मिश्रण (ऑक्सिहायड्रोजन)' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'मिश्रण'. आणि उदजन शब्द मला प्रिय असला तरी, शेजारी ऑक्सिजन लिहिणार असाल तर हायड्रोजनच ठेवा.