प्रतिसाद: गोठ्याचे उंच छप्पर आणि खालची पडवी
गोठ्याचे मुख्य छप्पर उंच ठेवून पुढची पडवी दोन फूट खाली घ्यायची असेल, तर वासे सलग ठेवावेत की तोडावेत, हा आपला प्रश्न रास्त आहे. माझ्या मते ते तोडावेतच. मात्र पडवीच्या वाशांची वरची टोके भिंतीत नुसती खोचून न ठेवता खांबांना बोल्टने आवळलेल्या आडव्या तुळईवर टेकवावीत, म्हणजे भार थेट खांबांतून जोत्यावर उतरतो.

खरी कसोटी पडवीचे छप्पर भिंतीला मिळते त्या सांध्याची आहे. कोकणातल्या पावसात वरच्या पागोळ्या खालच्या छपरावर कोसळतात आणि उडालेले पाणी वाऱ्याबरोबर सांध्यात शिरते. म्हणून तिथे काटकोनात वाकवलेली पत्र्याची पट्टी भिंतीवर किमान सहा इंच चढवून तिची वरची कड भिंतीच्या खाचेत पक्की बसवावी आणि वरची वळचण दीडेक फूट पुढे काढावी. पडवीवर मंगलोरी कौले घालायची असल्यास उतार कमी करून चालत नाही. उंची अपुरी पडत असेल, तर पत्राच बरा.

पट्टीच्या वर मुख्य छपरापर्यंत उरलेली उभी जागा मात्र कृपया बंद करू नका, तिथे जाळी बसवा. गुरांच्या श्वासाची, शेणमुताची दमट वाफ तिथूनच बाहेर पडते.