मदत हवी आहे: खो-खोच्या फोटोवरून जलरंग, सूर मारणारी मुलगी जमिनीवरून उठतच नाही

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करतेय. घाट, देवळं, झाडं बऱ्यापैकी जमतात. खेळणारी माणसं मात्र पहिल्यांदाच काढतेय आणि पुरती अडकलेय.

चित्र आमच्या खो-खोच्या सरांना द्यायचं आहे. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली खेळले, महिनाअखेरीस ते निवृत्त होताहेत. मागच्या आठवड्यात सराव बघायला गेले होते तेव्हा हा फोटो मिळाला. संध्याकाळचे साडेपाच, सूर्य डावीकडे खाली उतरलेला, तांबडी माती. खांबाच्या मागे उकिडवी बसून मोबाइलवर टिपलाय. पाठलाग करणाऱ्या मुलीने एका हाताने खांब धरून अंग झोकून दिलंय, दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या टाचेपासून वीतभर लांब. मागे आठ जणी रांगेत बसलेल्या, एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. ती बोटं आणि ती टाच यांच्यासाठीच हे चित्र करायचंय. त्या वीतभरासाठी सर आम्हाला अंधार पडेपर्यंत सूर मारायला लावायचे.

कागद ३०० जीएसएम कॉटन, ११ बाय १५ इंच. चौकटी आखून रेखाटन केलंय, अंगाचे कोन फोटोशी ताडून पाहिलेत. तीन वेळा रंगवलं आणि तिन्ही वेळा मुलगी मातीत आडवी पडल्यासारखी दिसते. फोटोत तिची सावली उजवीकडे पार कडेला जात होती, कागदावर मावेना, म्हणून ती अंगाखाली ओढून घेतली. बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. उजवीकडे तोंड असलेल्या चौघी फोटोत काळ्याठिक्कर आल्यात. तशाच रंगवल्या तर चेहऱ्याच्या जागी भोकं पडल्यासारखी दिसतात. पायाखालून उडालेली धूळ मास्किंग फ्लुइडने (कागद कोरा राखायला लावतात आणि नंतर सोलून काढतात तो द्रव) राखली, तर कापसाचे बोळे चिकटवल्यागत कडा आल्या.

आणि फोटोचं ऐकायचं तरी किती? छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा कळलं, की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ च्या, इंग्लंडमधल्या एप्समच्या शर्यतीच्या चित्रात घोड्यांचे पाय पुढे-मागे ताणून दाखवलेत. चूक आहे, पण ते घोडे धावतात! माझी मुलगी फोटोबरहुकूम आहे आणि जागच्या जागी गोठलीय. बसलेल्यांतल्या दोघी-तिघी गाळाव्यात असंही वाटतं, पण सर आधी त्याच मोजतील.

प्रतिसाद

ताई, अंग बरोबर आहे, सावली चुकलीय. ती अंगाखाली आली की अंग जमिनीला टेकलंच. अंग आणि सावली यांच्यामध्ये उजेडातली माती दिसली तरच ते हवेत वाटतं. सूर्य इतका कलल्यावर सावली लांबच पडणार. तुमच्या फोटोत नीट बघा: खांबाची सावली बुंध्यापासून निघते, मध्येच तिला हाताची सावली येऊन मिळते आणि तिथून अंगाची सुरू होते. ही जोडणी तशीच ठेवा. मावत नसेल तर कागदाच्या कडेला कापली जाऊ द्या. वस्तू जमिनीपासून जितकी वर, तितकी सावलीची कड विरते, म्हणून ही कड कागद ओला असतानाच सोडा. बसलेल्या मुलींच्या सावल्या पावलाशी धारदार हव्यात.

काळा रंग बाजूला ठेवा. उघड्यावर सावलीत आकाशाचा निळा उजेड असतो आणि खालून तांबडी माती उजेड परतवते, त्यामुळे हनुवटीखाली, दंडाखाली केशरी झाक येते. मोबाइल उजेडातल्या मातीचा अंदाज घेतो आणि सावलीतलं सगळं बुडवतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाणी, रंगाच्या एकाच हातात. आठ चेहऱ्यांची उजेड-सावली-उजेड-सावली ही लय मला तर सगळ्यात सुंदर वाटली, एकही गाळू नका. जमलं तर त्याच वेळी मैदानावर जाऊन ते रंग डोळ्यांनी पाहून या.

जवळून काढल्यामुळे खांब फार उंच आलाय. तो १२० ते १२५ सेंटिमीटरचा असतो, त्यावरून मुलींची मापं पुन्हा ताडा.

धुळीला मास्किंग नको. माती रंगवा, ओलसर असतानाच निथळलेल्या ब्रशने रंग टिपून घ्या आणि सूर मारणारीचं मागचं पाऊल त्यात हरवू द्या. गोठलेपण तिथे मोडेल. बोटं आणि टाच तेवढी स्वच्छ ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल संध्याकाळी पुन्हा मैदानावर जाऊन आले. सावलीतल्या चेहऱ्यांवर खरंच मातीचा रंग चढतो, हनुवटीखाली तर पिकल्या भोपळ्यासारखा. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर करून पाहिलं. सावली उजवीकडे नेली, पोटाखाली यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पट्टा मोकळा ठेवला आणि मुलगी उठली! आठही जणी ठेवल्यात. आता एकच विचारते: पळणारीची टाच वर आहे, पण चवडा फोटोत धुळीत गेलाय. तो टेकलेला दाखवू की सुटलेला?