'श्योरकार्लेन' (१९२१): आरपार दिसणारी ती गाडी एकाच निगेटिव्हवर कशी उतरवली?

चंद्रकोर:

विक्टर शोस्ट्रॉमचा 'श्योरकार्लेन' ('द फँटम कॅरेज') आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलाय. सेल्मा लागरलॉफच्या कादंबरीवरचा हा स्वीडिश मूकपट १ जानेवारी १९२१ ला प्रदर्शित झाला. सरत्या वर्षाच्या शेवटच्या क्षणी जो मरेल, त्याने पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची, ही त्यामागची कल्पना. गाडी, घोडा, टोपीचा झगा घातलेला गाडीवान, सगळं आरपार दिसतं. बुडालेल्या माणसाला न्यायला गाडी थेट लाटांवरून जाते, तो शॉट तर विसरता येत नाही.

कॅमेरामन यूलियुस येन्सोनने हे डबल एक्स्पोजरने (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून) केलं आणि काही ठिकाणी चार-चार थर आहेत, एवढं वाचलंय. प्रश्न पुढचे आहेत:

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर दोन वेळा घेतलेली दृश्यं एकमेकांवर इतकी नेमकी बसवायचे कशी? भूत पुढच्या वस्तूंच्या आडून जातं तेव्हा झाकलं जातं, ते कसं? आणि एडिटिंगमध्ये ओपॅसिटी (थराचा अपारदर्शकपणा) ५० टक्के केली की भूत चिकटवलेल्या पारदर्शक स्टिकरसारखं का दिसतं? लघुपटासाठी हवंय, स्मशानातला रात्रीचा प्रसंग आहे. कॉम्प्युटरचं वावडं नाही, पण दिसणं तसंच हवं.

रीळवाला:

आधी आकडे, म्हणजे काम डोळ्यासमोर येईल. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. मूकपटाच्या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की साधारणपणे ८ फ्रेम पुढे सरकतात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम. २० सेकंदांचा शॉट म्हणजे ४० फेरे, ३२० फ्रेम, २० फूट.

आता क्रम असा. शॉट सुरू करण्याआधी गेटमधल्या (लेन्समागे फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीतल्या) फ्रेमवर पेन्सिलने खूण करायची किंवा कडेला खाच पाडायची. पहिल्या वेळी मोकळा सेट घ्यायचा आणि फेरे मोजायचे. मग लेन्सवर टोपी, शटर बंद, आणि तेवढेच फेरे उलटे. हे अंधारात, सावकाश. घाईने उलटं गुंडाळलं तर थंड कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर विजेच्या फांद्यांसारखे डाग उमटतात. ते धुऊन जात नाहीत. खुणेपर्यंत परत आलो की दुसऱ्यांदा फक्त भूत. चार थर म्हणजे हे सगळं चार वेळा. चौथ्या वेळी चूक झाली की आधीचे तिन्ही गेले, कारण निगेटिव्ह एकच असतं. येन्सोनच्या कामाबद्दल मला जो आदर वाटतो तो याचसाठी.

फेऱ्यांचा वेगही दोन्ही वेळा एकच हवा. दुसऱ्या वेळी हात मंदावून १६ चे १४ फ्रेम झाले, तर भुताची चाल वेगळी होतेच, शिवाय प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळतो आणि भूत मध्येच उजळतं. बऱ्याच जुन्या मूकपटांतली भुतं लुकलुकतात, त्याचं हे एक मोठं कारण. 'श्योरकार्लेन'मध्ये ते फार कमी आहे.

जागा जुळवायला कॅमेऱ्याच्या फोकस बघायच्या काचेवर सेटच्या कडा पेन्सिलने आखून घ्यायच्या: दाराची चौकट, जमिनीची रेघ, थडग्याचा वरचा काठ. भूत वेगळ्या सेटवर काळ्या कापडापुढे घ्यायचं असेल तर लेन्सची उंची, कॅमेऱ्याचा कल आणि नटापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. यातलं एकही चुकलं की पाय जमिनीवर टेकत नाहीत, भूत तरंगतं. पुष्कळ जण तरंगणं मुद्दाम केलंय असं समजतात, पण शंभरात नव्वद वेळा कॅमेऱ्याची उंची बदललेली असते.

आडोशाबद्दल: दुसऱ्या वेळी जिथे झाकलं जायला हवं, तिथे काळ्या मखमलीने मढवलेला त्याच आकाराचा अडसर उभा करायचा. भूत त्याच्यामागून चालतं. मखमलीतून उजेड येत नाही, म्हणून निगेटिव्हवर तिथे पहिल्या वेळचं थडगं जसंच्या तसं राहतं. अडसर २-३ सेंटिमीटर जरी सरकला तरी थडग्याला काळी किंवा भुताची उजळ किनार येते. जमिनीवर खुणा करूनच ठेवायचा.

प्रकाशमापक:

रीळवालांनी यंत्राची बाजू नीट सांगितली. स्टिकर का दिसतो त्याचं उत्तर मात्र उजेडात आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

निगेटिव्हवर दुसऱ्यांदा शूट केलं की उजेडात उजेड मिळवला जातो, वजा काहीच होत नाही. भुताच्या अंगावरचा काळा भाग निगेटिव्हला काहीच देत नाही, तिथून मागचं दृश्य पूर्ण तेजाने दिसतं. उजळ भाग मागच्या दृश्यावर चढतो. ओपॅसिटी ५० टक्के केली की उलटं होतं: मागचं दृश्य अर्धं दाबलं जातं आणि भुताचा काळा झगासुद्धा राखाडी पडदा होऊन वर बसतो. डोळ्याला तो धुतलेला चौकोनी तुकडा लगेच कळतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

भूत उजळ भिंतीपुढे दिसत नाही. पांढऱ्यावर कितीही पांढरं मिळवलं तरी पांढरंच. म्हणून मागचं दृश्य गडद ठेवायचं आणि भूत जिथून जाणार ती जागा तर सर्वांत गडद. 'श्योरकार्लेन'ची ती रात्र गोष्टीला हवी होतीच, पण तंत्रालाही हवी होती.

गाडीवानाचा झगा गडद आहे, तरी तो दिसतो, कारण उजेड कापडाच्या चुण्यांवर आणि टोपीच्या काठावर पडलाय. झगा नीट पाहा: आतला भाग नाहीच, फक्त घड्यांच्या रेघा आहेत. चेहऱ्यावर समोरून सपाट दिवा टाकला तर चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसेल. दिवा बाजूने किंवा थोडा मागून हवा.

तिसरी गोष्ट मोजमापाची. दोन्ही वेळचा उजेड एकत्र होणार असतो, म्हणून मागचं दृश्य नेहमीपेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाने) कमी घ्यायचं आणि भूत त्याहून एक ते दीड स्टॉप कमीपासून तपासत जायचं. नेमका आकडा कपड्याच्या रंगावर ठरतो, चाचणी घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये: भूत काळ्या मखमलीपुढे शूट करा, त्याचा थर वर ठेवा, ओपॅसिटी पूर्ण १०० ठेवा आणि ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळण्याची पद्धत) 'स्क्रीन' करा. 'ॲड'सुद्धा चालतो, पण साध्या व्हिडिओवर तो उजळ भाग पटकन जाळतो. लिनिअर लाइटमध्ये (जिथे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असतात) काम करत असाल तर 'ॲड'च खरा, कारण निगेटिव्ह तेच करत होतं. मग भूत फिकं करायचं असेल तर त्याचं एक्स्पोजर कमी करा.

मखमलीबद्दल एक बारीक गोष्ट. साटन किंवा काळी चादर चालत नाही, तिच्यावर चकाकी येते आणि ती चकाकी 'स्क्रीन'मध्ये धुक्यासारखी चढते. मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवून पाहा: एका दिशेने ती गुळगुळीत आणि उजळ लागते, उलट्या दिशेने खरखरीत आणि गडद. लव वरच्या दिशेने येईल असं टांगलं की ती सर्वांत काळी दिसते. नट मखमलीपासून निदान २ मीटर पुढे उभा करा, नाहीतर त्याच्यावरचा दिवा मागे सांडतो. शॉटआधी ब्रश मारा. धाग्याचा एक पांढरा तुकडासुद्धा आकाशात ताऱ्यासारखा चमकेल.

गोदाकाठ:

एक जोड. हे तंत्र तेव्हा नाशिकलाही चालू होतं. फाळक्यांच्या 'श्रीकृष्ण जन्म'चे (१९१८) जे तुकडे उरलेत, त्यात कंसाला होणारे भास आहेत. ते पाहताना मागचा भाग कुठे गडद ठेवलाय याकडे लक्ष द्या, प्रकाशमापक म्हणतात ते तिथेही दिसेल. 'श्योरकार्लेन' १९२० च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमजवळच्या रोसुंदाच्या नव्या स्टुडिओत चित्रित झाला, म्हणजे काळ जवळजवळ तोच. साधनांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

शिवाय तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल वस्तू काळी उमटायची, निळी पांढरी. आज कृष्णधवल तसं हवं असेल तर ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड जुळवताना) लाल चॅनेल जवळजवळ बंद करा आणि निळा-हिरवा ठेवा. ओठ गडद होतात, त्वचेवरचे डाग उठून येतात. मेकअप त्या हिशोबाने करा.

काचमहाल:

डबल एक्स्पोजर सोडून काचेचाही विचार करा. नट आणि भूत एकाच वेळी, एकाच शॉटमध्ये मिळतात, नट भुताच्या हालचालीला तिथल्या तिथे प्रतिसाद देऊ शकतो. त्याने अभिनयात फरक पडतो.

कॅमेऱ्यापुढे ४५ अंशात साधी काच. समोर सेट, बाजूला काळ्या मखमलीपुढे भूत. साधी काच ४५ अंशांत दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे १० टक्केच उजेड परतवते. म्हणजे भुतावर सेटच्या दहापट उजेड लागतो, तीन स्टॉपहून थोडा जास्त. लोक इथेच फसतात: दिवे सारखेच ठेवतात आणि भूत दिसतच नाही म्हणतात.

काच २-३ मिमीची घ्या. जाड काचेत पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची दोन प्रतिबिंबं वेगळी होतात, भुताला दोन नाकं येतात. ॲक्रिलिक नको, ते वाकतं आणि चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर काढा, तो प्रतिबिंबच मारून टाकेल. फोकससाठी अंतर मोजताना कॅमेरा ते काच अधिक काच ते भूत, अशी बेरीज करायची. ही बेरीज कॅमेरा ते नट या अंतराएवढी ठेवली तर दोघेही फोकसमध्ये राहतात. आणि प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, भांग आणि झग्याची गाठ आधीच उलटी बांधा.

याच घराण्यातली एक सुंदर युक्ती हर्क हार्वीच्या 'कार्निव्हल ऑफ सोल्स'मध्ये (१९६२) आहे. हार्वी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी औद्योगिक आणि शैक्षणिक फिल्म बनवायचा. हा त्याचा एकमेव कथापट, खर्च सुमारे ३३,००० डॉलर. नायिका रात्री मोटार चालवतेय आणि शेजारच्या खिडकीत अचानक एक पांढरा चेहरा दिसतो. मागच्या पडद्यावर प्रक्षेपण करणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्या खिडकीत तिरका आरसा बसवला आणि चेहरा त्यात दाखवला. चेहरा हार्वीचा स्वतःचाच. मोटारीतले बाकीचे शॉट बॅटरीवरच्या ॲरिफ्लेक्स कॅमेऱ्याने हातात धरून घेतले. आरसा पूर्ण परावर्तन करतो, त्यामुळे तिथे दहापट उजेडाची अट नाही, मात्र चेहरा आरपार दिसत नाही, घट्ट दिसतो. तुम्हाला कोणता हवा ते आधी ठरवा.

चंद्रकोर:

मनापासून आभार. 'स्क्रीन'ने फरक लगेच दिसला. आता अडचण अशी की मागची स्मशानाची रात्र फार स्वच्छ, धारदार येते. धूर सोडला तर वाऱ्याने पळतो. दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या 'व्हाम्पीर'मध्ये (१९३२) सगळं राखाडी, पहाटेसारखं आहे, ते धुराशिवाय कसं केलं?

प्रकाशमापक:

तिथे धूर नाही, लेन्सवर पडलेला परका उजेड आहे. चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक शॉट धुऊन आला तो राखाडी होता. शोध घेतल्यावर कळलं की एका दिव्याचा उजेड चुकून लेन्सवर परावर्तित झाला होता. ड्रायर आणि कॅमेरामन रुडोल्फ माटे यांना तो दोष इतका आवडला की पुढे प्रत्येक शॉटला त्यांनी तो मुद्दाम घडवला: पातळ जाळीच्या कापडावर दिवा टाकायचा आणि तिथून उजेड लेन्सकडे येऊ द्यायचा. एवढं धाडस करून पूर्ण चित्रपट त्यावर उभा करणारे दिग्दर्शक विरळाच.

तुमच्यासाठी कृती: लेन्सपुढे ६०-९० सेंटिमीटरवर पांढरी पातळ जाळी ताणून लावा, मच्छरदाणीचं बारीक कापड चालेल. काळी जाळी नको, ती चित्र मऊ करते पण उजेड पसरवत नाही. जाळीवर बाजूने छोटा दिवा टाका, दिव्याला झडपा लावा, म्हणजे थेट लेन्समध्ये घुसणार नाही. दिव्याला डिमर हवाच. सावल्या पूर्ण काळ्यापासून किंचित वर उठल्या की थांबा. त्यापुढे गेलात तर चित्र दुधाळ होतं आणि ग्रेडिंगमध्ये परत येत नाही.

लेन्सचं छिद्र मोठं ठेवा, एफ २.८ च्या आसपास. एफ ८ ला जाळीची वीण चित्रात दिसायला लागते. जाळीला सुरकुती नको आणि वारा लागू देऊ नका, हलली की पडद्याचा उजेड श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो.

आणि महत्त्वाचं: हे फक्त मागच्या दृश्याला करा. भुताच्या थराला जाळी लावलीत तर मखमलीचा काळा रंग उठेल आणि तो राखाडी 'स्क्रीन'मध्ये पूर्ण फ्रेमवर चढेल. मागचं दृश्य जाळीमुळे थोडं उजळलेलं असेल, तेव्हा भुताचा दिवा अर्धा स्टॉप वाढवून एक चाचणी घ्या.