पोरात दम असला की कंपनी व्हिसा देतेच म्हणे!

धरमपेठी: काल इथं एका काकांनी लिहिलं, 'पोरगं हुशार असलं की कंपनी झक मारून व्हिसा देते, परत येणारे मुळातच कच्चे.' काका, अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची सोडत असते. वर्षाला ६५,००० जागा, तिथल्या मास्टर्सवाल्यांना वरच्या २०,०००. नंबर लागला तरच कंपनीला अर्ज भरता येतो. माझी बहीण तिकडे एमएस झाली. मॅनेजर खूश, कंपनी तयार. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथं काम करायच्या मुभेचे, १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारे स्टेमचे वाढीव २४ संपले, नंबर काही लागला नाही. ती कच्ची?

काका_लक्ष्मीनगर: मीच तो. माझ्या भाच्याचा लागला, कोणाचा वशिला नव्हता. तिसऱ्या वर्षी का होईना, लागला ना?

तर्रीबाज: मग पहिली दोन वर्षं दम कुठं गेला होता बाप्पा? 😄

धरमपेठी: आणि २०२६ पासून सोडतीत पगाराच्या पातळीप्रमाणे नावाच्या चिठ्ठ्या. सगळ्यात वरच्या चौथ्या पातळीला चार, पहिलीला एक. नुकत्या पास झालेल्या पोराला चौथी पातळी कोण देते?

काका_लक्ष्मीनगर: त्यात नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर फी. म्हणूनच म्हणतो, जाऊच नका.

वर्धारोड: अर्धवट बातमी नका पसरवू. तिथंच राहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ती फी नाही, ऑक्टोबर २०२५ मध्येच खुलासा झाला. मात्र अर्ज अडकलेला असताना देश सोडला की सूट गेली. माझी मैत्रीण त्यापायी सख्ख्या भावाच्या लग्नाला आली नाही. अक्षता पडताना मांडवाच्या खांबाला फोन बांधला होता, तोही मधेच बंद पडला.

बेसा_प्लॉट: हे सगळं खरं, पण पोरांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या रामदासपेठेतल्या ज्या ऑफिसात आम्ही फी मोजली, तिथं यातलं एक अक्षर सांगितलं नाही. बँकेत प्लॉट गहाण. ओपीटीत ९० दिवस बेकार राहिलं की खेळ खलास, त्या धाकानं पोरगा एका कन्सल्टन्सीत चिकटला. त्यांनी एच-१बीच्या फीचे पैसे त्याच्याकडूनच मागितले! कायद्यानं ते कंपनीनं भरायचे.

काका_लक्ष्मीनगर: प्लॉट गहाण टाका म्हणून कोणी सांगितलं होतं? आपल्या नागपूरचं एवढ्या कंपन्यांचं मिहान काय ओसाड पडलं आहे?

बेसा_प्लॉट: मिहान! पोरगा शाळेत होता तेव्हापासून ऐकून राहिलो. तिथल्या फ्रेशरच्या पगारात डॉलरचा हप्ता तुम्ही भरता का?

तर्रीबाज: मी मिहानमध्येच आहे. पगार वाईट नाही. पुण्यात निम्मा तर घरभाड्यात जाते.

बेसा_प्लॉट: तुझ्यावर चाळीस लाखांचं कर्ज आहे का बे?

वर्धारोड: धागा व्हिसाचा आहे, राजेहो. ज्यांची पोरं आता जाऊन राहिली त्यांना एवढंच सांगा: स्पॉन्सर करणार का, हे ऑफर घेण्याआधी विचारा आणि मेलवर लिहून घ्या. विद्यापीठातली नोकरी मिळाली तर सोडत लागतच नाही, तिकडेही अर्ज टाका.

काका_लक्ष्मीनगर: बरं बाप्पा, सोडत आहे, मान्य. तुम्ही सगळे हुशार, नशीबच दळभद्री. पण पोरीला एवढ्या लांब पाठवायचं कशाला, हे धरमपेठीनं अजून सांगितलं नाही.

धरमपेठी: भाच्याला पाठवताना विचारलं होतं का?